तारेतली विद्युतधारा आणि तिचा रोध

तांब्याच्या तारेत बटण दाबण्याआधीही सगळे काही हजर असते. तांब्याच्या प्रत्येक अणूमागे साधारण एक इलेक्ट्रॉन असा असतो की तो कोणत्याही अणूशी बांधलेला नसतो. धातूभर मोकळा भटकतो. एका घन मिलिमीटर तांब्यात असे सुमारे ८५ अब्ज अब्ज मोकळे इलेक्ट्रॉन असतात. त्यांचा वेग सेकंदाला दीड हजार किलोमीटरच्या घरात असतो, पण तो सगळ्या दिशांनी. जितके डावीकडे जातात तितकेच उजवीकडे, त्यामुळे गोळाबेरीज शून्य. तारेच्या दोन टोकांमध्ये विभवांतर निर्माण केले, म्हणजे बोलीत व्होल्टेज दिले, की या धावपळीला एका बाजूचा अगदी किंचित कल मिळतो. तो कल म्हणजेच विद्युतधारा.

विद्युतधारा मोजण्याचे एकक ॲम्पिअर. तारेच्या एखाद्या छेदातून सेकंदाला एक कूलोम प्रभार पुढे गेला तर धारा एक ॲम्पिअर. एक कूलोम म्हणजे सुमारे ६२४ वर सोळा शून्ये इतक्या इलेक्ट्रॉनांचा प्रभार. पूर्वी ॲम्पिअरची व्याख्या दोन समांतर तारांमधल्या बलावर बेतलेली होती. २० मे २०१९ पासून ती थेट इलेक्ट्रॉनच्या प्रभारावर आधारलेली आहे, म्हणजे एका अर्थी आता इलेक्ट्रॉन मोजूनच ॲम्पिअर ठरतो.

संख्या एवढी प्रचंड असल्यामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉनला फार पुढे सरकावे लागत नाही. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक ॲम्पिअर धारा वाहत असेल, तर इलेक्ट्रॉनांचा सरासरी पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला ०.०७ मिलिमीटर भरतो. तासाभरात जेमतेम २६ सेंटिमीटर. तरीही बटण दाबताच खोलीच्या दुसऱ्या टोकाचा दिवा लागतो, कारण तार इलेक्ट्रॉनांनी आधीच भरलेली असते. बागेतला पाइप पाण्याने भरलेला असला की नळ उघडताच दुसऱ्या टोकातून पाणी येते. नळापाशी असलेले पाणी तिथवर पोचायची वाट पाहावी लागत नाही. तारेत पुढे धावते ते विद्युतक्षेत्र, आणि त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाशी तुलना करण्याजोगा असतो.

घरातल्या पुरवठ्यात तर इलेक्ट्रॉन पुढेही जात नाहीत. भारतात पुरवठा प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, आणि ५० हर्ट्झचा आहे. धारेची दिशा सेकंदात शंभरदा उलटते आणि वर दिलेल्या तारेतला इलेक्ट्रॉन मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकाही न हलता जागच्या जागी मागेपुढे होत राहतो. भिंतीतल्या तारेतले इलेक्ट्रॉन घर बांधताना वायरमनने तार ओढली तेव्हाच आले. वीज कंपनी ते पुरवत नाही आणि बिलही त्यांचे घेत नाही. ती पुरवते ती ऊर्जा.

दिशेबाबत एक जुना घोळ पाठ्यपुस्तकांत अजून टिकून आहे. धारा धन टोकाकडून ऋण टोकाकडे वाहते असे मानण्याचा संकेत इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी पडला. जे. जे. थॉमसनने १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला आणि तारेत हलणारे कण ऋण प्रभाराचे, म्हणून उलट दिशेने जाणारे निघाले. तोवर सगळी सूत्रे जुन्या संकेताने लिहून झाली होती. गणितात त्याने काही अडत नाही, म्हणून तो तसाच राहिला.

त्याहून महत्त्वाचा गैरसमज वेगळाच आहे. फेजच्या तारेतून करंट येतो, दिव्यात खर्च होतो आणि उरलासुरला न्यूट्रलने परत जातो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात दिव्यात जेवढी धारा शिरते तेवढीच बाहेर पडते. वायरमनकडच्या क्लॅम्प मीटरने हे सहज दिसते. मीटरचा चिमटा फक्त फेजच्या तारेभोवती लावला तर समजा चार ॲम्पिअर दाखवतो. फक्त न्यूट्रलभोवती लावला तरी चारच. दोन्ही तारा एकत्र चिमट्यात घेतल्या तर काटा शून्यावर, कारण जाणारी आणि येणारी धारा एकमेकींना पुरत्या छेदतात. खर्च होते ती ऊर्जा, आणि तो खर्च किती हे ठरवण्यात रोधाचा, म्हणजे धारेला होणाऱ्या अडथळ्याचा, वाटा मोठा.

धातूत रोध का निर्माण होतो याचे शाळेतले उत्तर असे की इलेक्ट्रॉन वाटेतल्या अणूंवर आपटतात. हे अर्धेच खरे आहे. अणूंची रचना अगदी सुबक आणि निश्चल असती तर इलेक्ट्रॉन तिच्यातून विनाअडथळा गेले असते. अडथळा येतो तो अणूंच्या थरथरीमुळे आणि रचनेतल्या दोषांमुळे: मिसळलेले परके अणू, सुटलेल्या जागा, स्फटिकांच्या कडा. तापमान वाढले की थरथर वाढते आणि धातूचा रोधही वाढतो.

धारा आणि विभवांतर यांचे नाते ज्याच्या नावाने ओळखले जाते तो जॉर्ज सायमन ओहम जर्मनीतल्या एर्लांगेन गावच्या कुलूपकाराचा मुलगा. १८२० च्या दशकात तो कोलोन येथे शाळामास्तर होता. व्होल्टाने १८०० मध्ये विद्युत घट बनवला होता, पण त्या घटाचे विभवांतर प्रयोग चालू असतानाच उतरत जाई आणि मोजमापाचा काही मेळ बसेना. पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सुचवणीवरून ओहमने घट बाजूला ठेवला आणि बिस्मथ व तांबे यांचा तापविद्युत जोड घेतला. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा वितळत्या बर्फात. दोन्ही तापमाने आपोआप स्थिर राहतात, म्हणून विभवांतरही स्थिर राहिले. मग २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या आठ तांब्याच्या तारा त्याने एकेक करून परिपथात जोडल्या आणि टांगलेल्या चुंबकसूचीला किती पीळ द्यावा लागतो त्यावरून धारा मोजली. तार लांब तशी धारा कमी, आणि तीही ठराविक हिशेबाने. हे १८२६ साल. पुढच्या वर्षी त्याने पुस्तक काढले. त्याचे थंडे स्वागत झाले आणि त्याने नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्याला कॉप्ली पदक दिले, पण म्युनिक विद्यापीठातले प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये, मृत्यूच्या दोनच वर्षे आधी.

हाच निष्कर्ष इंग्लंडमधल्या हेन्री कॅव्हेंडिशने जवळपास अर्धशतक आधी काढून ठेवला होता. त्याच्याकडे धारा मोजायचे उपकरण नव्हते. साठवलेली वीज मिठाच्या द्रावणाने भरलेल्या नळ्यांतून सोडायची, परिपथ स्वतःच्या अंगाने पुरा करायचा आणि झटका किती जोराचा बसला ते टिपायचे, ही त्याची रीत. त्याने ते प्रसिद्ध मात्र केले नाही. मॅक्सवेलने त्याची टिपणे छापली तेव्हा १८७९ उजाडले होते.

ओहमचा नियम थोडक्यात असा: तापमान आणि इतर भौतिक स्थिती कायम असताना वाहकातली धारा त्याच्या टोकांमधल्या विभवांतराच्या समप्रमाणात असते. विभवांतर भागिले धारा म्हणजे रोध. एका व्होल्टने एक ॲम्पिअर धारा वाहिली तर रोध एक ओहम. नियम हे नाव भारदस्त असले तरी सगळ्याच वस्तू तो पाळत नाहीत. एलईडीमध्ये ठरावीक विभवांतरापर्यंत धारा जवळजवळ वाहतच नाही आणि त्यानंतर एकदम उसळते. म्हणून एलईडीला आवर घालणारा रोध किंवा ड्रायव्हर सोबत द्यावाच लागतो.

घरात मात्र या नियमाचा उपयोग पावलोपावली होतो. खांबावरून येणारे २३० व्होल्ट सगळ्या उपकरणांना सारखेच मिळतात. ९ वॉटचा एलईडी दिवा त्यातून ०.०४ ॲम्पिअर घेतो, तर २००० वॉटचा गिझर ८.७ ॲम्पिअर. प्लगमधून जास्त करंट येतो म्हणून गिझर जास्त तापतो, असे नाही; गिझरच्या कॉइलचा रोध फक्त साडेसव्वीस ओहम ठेवलेला असतो, म्हणून तेवढी धारा वाहते. व्होल्टेज पुरवणारा देतो, धारा किती घ्यायची ते उपकरण ठरवते. व्होल्टेज १८० वर उतरले तर धारा उतरते आणि दोन्हींच्या गुणाकाराने मिळणारी शक्तीही. तोच गिझर मग २००० ऐवजी सव्वाबाराशे वॉटवर चालतो आणि पाणी तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो.

तारेचा स्वतःचा रोध तीन गोष्टींवर अवलंबून असतो: लांबी, जाडी आणि पदार्थ. लांबी दुप्पट तर रोध दुप्पट, छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट तर रोध निम्मा. पदार्थाच्या गुणाला रोधकता म्हणतात. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाची तार घेतली तर तांब्याचा रोध ०.०१७ ओहम, ॲल्युमिनिअमचा सुमारे ०.०२८ आणि शेगडीच्या कॉइलमधल्या नायक्रोमचा १ ओहमच्या थोडा वर भरतो. खांबांवरच्या तारा ॲल्युमिनिअमच्या असतात, कारण ते तांब्यापेक्षा हलके आणि स्वस्त पडते. जाडी वाढवून रोध भरून काढता येतो. वायरमन दिव्यांसाठी दीड स्क्वेअर एमएमची, प्लगसाठी अडीचची आणि एअर कंडिशनर-गिझरसाठी चारची वायर सांगतो, त्यामागे हाच हिशेब आहे.

रोधातून धारा गेली की उष्णता निर्माण होतेच. जेम्स जूलने १८४० च्या सुमारास दाखवून दिले की ही उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: धारा दुप्पट तर उष्णता चौपट. बोर्डापासून २० मीटरवरच्या गिझरला एक स्क्वेअर एमएमची वायर ओढली तर जाऊन-येऊन ४० मीटर तारेचा रोध सुमारे ०.७ ओहम होतो. ८.७ ॲम्पिअरला सहा व्होल्ट वाटेतच गळतात आणि पन्नासेक वॉट उष्णता भिंतीत मुरते. तरी ती ४० मीटरभर पसरलेली असते. खरा धोका सैल जोडाचा. प्लगची पिन सॉकेटमध्ये नीट बसत नसेल आणि तिथे केवळ अर्धा ओहम रोध तयार झाला, तर त्या एका टिंबावर ३८ वॉट उष्णता साठते, म्हणजे छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी. पिन काळी पडते, काळ्या थराने रोध आणखी वाढतो, पिवळटलेले प्लास्टिक मऊ होऊन सांधा आणखी सैल होतो. जळका वास येतो तो बहुतेकदा इथून, आणि धारा फार वाढली की पुरवठा तोडणारा एमसीबी मात्र शांत असतो. त्याच्या लेखी धारा नेहमीइतकीच आहे.

तापमानाचा परिणाम जुन्या पिवळ्या बल्बमध्ये ठळक दिसतो. ६० वॉटच्या बल्बचा रोध पेटलेला असताना सुमारे ८८० ओहम असतो. विझलेल्या बल्बला मल्टिमीटर लावला तर तो साठ-पासष्ट ओहमच्या आसपास दाखवतो. टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसला जाऊन पोचते, त्यामुळे हा फरक पडतो. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी तार थंड असल्याने नेहमीच्या कित्येक पट धारा घुसते. म्हणूनच असे बल्ब चालू करतानाच उडत. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतो. मोटारीचे वाइंडिंग आतून किती तापले हे तिचा रोध मोजून काढतात ते याच आधारावर. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकांत उलटे घडते, कारण तापल्यावर तिथे मोकळे इलेक्ट्रॉनच वाढतात.

थंड करत गेल्यास काही पदार्थांचा रोध कमी होत होत नव्हे, तर एकाएकी नाहीसा होतो. नेदरलँड्समधल्या लायडन येथे कामरलिंग ओनेसला १९११ मध्ये पारा ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसला, असा वागताना आढळला. याला अतिसंवाहकता म्हणतात. ओहमच्या प्रयोगात जो बिस्मथ होता तो धातू मात्र नेहमीच्या दाबाखाली दीर्घकाळ असा वागताना आढळला नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याला केल्विनच्या दोन हजाराव्या भागापर्यंत, नेमके ०.०००५३ केल्विनला, थंड केले तेव्हा तोही अतिसंवाहक असल्याचे दिसले. सायन्स या नियतकालिकात २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

परिपथात रोध दोन तऱ्हांनी जोडता येतात. एकामागून एक जोडले तर एकसर जोडणी: धारा सगळ्यांतून एकच, विभवांतर वाटून घेतले जाते आणि रोधांची बेरीज होते. दिवाळीतल्या जुन्या माळेत पस्तीसेक छोटे बल्ब असे जोडलेले असत. प्रत्येकाच्या वाट्याला साडेसहा व्होल्ट, आणि एक उडाला की सगळी माळ अंधारात. एकसर जोडणीत अंदाज हमखास चुकतो असा एक प्रकार आहे. १०० आणि ४० वॉटचे दोन बल्ब एकसर जोडून २३० व्होल्ट दिले तर जास्त उजेड ४० वॉटवाला देतो. त्याचा रोध १३२२ ओहम, दुसऱ्याचा ५२९. धारा दोघांतून तीच, म्हणून मोठ्या रोधात जास्त ऊर्जा उतरते. रोध बदलत नाहीत असे धरले तर एकाला वीस वॉट मिळतात आणि दुसऱ्याला आठ.

घरातली जोडणी समांतर असते. प्रत्येक उपकरणाला पूर्ण विभवांतर मिळते आणि धारांची बेरीज होते. गुस्टाफ किरखोफने १८४५ मध्ये विद्यार्थी असताना मांडलेल्या दोन नियमांत हेच सर्वसाधारण रूपात येते: कोणत्याही सांध्यात जेवढी धारा येते तेवढीच बाहेर पडते, आणि बंद वाटेने फिरून मूळ जागी आले की विभवांतरांची बेरीज शून्य भरते. समांतर जोडणीत उपकरणे वाढली की एकूण रोध घटतो. एका एक्स्टेंशन बोर्डावर १००० वॉटची इस्त्री, १५०० वॉटची किटली आणि ८०० वॉटचा टोस्टर लावला, तर तिघांचा मिळून रोध १६ ओहमवर येतो आणि बोर्डाच्या वायरीतून १४ ॲम्पिअरहून अधिक धारा वाहू लागते. बोर्ड सहा ॲम्पिअरचा असेल तर वायर गरम होणारच. फेज आणि न्यूट्रल थेट एकमेकांना टेकले तर रोध उरतो फक्त तारांचा. तो अर्धा ओहम धरला तरी धारा ४६० ॲम्पिअर. अशा वेळी वितळण्यासाठीच फ्यूजची तार बारीक ठेवलेली असते. फ्यूज सारखा जातो म्हणून कटआउटमध्ये जाड तांब्याची तार गुंडाळून देणारे वायरमन अजूनही भेटतात. त्यानंतर फ्यूजचे काम भिंतीतल्या वायरीला करावे लागते.

तारेत वाया जाणारी ऊर्जा धारेच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे लांबवर वीज न्यायची तर धारा कमी आणि विभवांतर जास्त ठेवणे भाग आहे. चंद्रपूर ते पडघे ही सुमारे ७५० किलोमीटरची एकदिश, म्हणजे डीसी, धारेची वाहिनी अधिक-उणे ५०० किलोव्होल्टवर चालते. तिची १५०० मेगावॉट क्षमता त्यामुळे १५०० ॲम्पिअरमध्ये भागते. विभवांतर एक दशांश असते तर धारा दहापट आणि त्याच तारांतली उष्णता शंभरपट झाली असती. याची उलट बाजू शिवारात दिसते. रोहित्रापासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, लांबवर लघुदाबाच्या तारा ओढलेल्या असल्या आणि पाळीच्या वेळी सगळे पंप एकदम सुरू झाले की तारांच्या रोधात इतके विभवांतर गळते की शेवटच्या पंपाला पुरेसे व्होल्टेजच मिळत नाही. इथे मोटार गिझरसारखी वागत नाही. पाण्याचा भार तोच असल्याने ती वेग टिकवायला जास्त धारा ओढते, त्याने व्होल्टेज आणखी पडते, वाइंडिंगमधली उष्णता वर्गाने वाढते आणि मोटार जळते. उच्चदाब वितरण प्रणालीत ११ किलोव्होल्टची तार विहिरीजवळपर्यंत नेऊन एक-दोन पंपांना छोटे रोहित्र देतात ते ही लघुदाबाची लांबी तोडण्यासाठी.

माणसाचे शरीरही परिपथाचा भाग होऊ शकते. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो, पण ओल्या हातापायांनी तो हजाराच्या आसपास येतो. २३० व्होल्ट भागिले १००० ओहम म्हणजे २३० मिलिॲम्पिअर. एक मिलिॲम्पिअरला मुंग्या येतात, दहाच्या पुढे स्नायू आखडून हात तार सोडत नाही आणि तीसच्या वर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. वायरमन टेस्टर लावतो तेव्हाही धारा त्याच्या अंगातूनच जाते. टेस्टरमधला सुमारे दहा लाख ओहमचा रोध तिला पाव मिलिॲम्पिअरच्या आत ठेवतो आणि तेवढ्यात निऑनचा दिवा मिणमिणतो.

आरसीसीबी हे यंत्र क्लॅम्प मीटरच्या त्याच युक्तीवर चालते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एका गाभ्यातून जातात. त्यांतल्या धारांत ३० मिलिॲम्पिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी धारा अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत चालली असे धरून, ते सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत पुरवठा तोडते. एमसीबीला हे जमत नाही, कारण तो फक्त एकूण धारा पाहतो. अर्थिंगचे गणितही रोधाचेच. गिझरच्या पत्र्याला फेज लागला आणि अर्थिंगची वाट पाच ओहमची असली, तर ४६ ॲम्पिअर वाहून १६ ॲम्पिअरचा एमसीबी काही सेकंदांत पडतो. तीच वाट ५० ओहमची झाली असेल तर पाचही ॲम्पिअर वाहत नाहीत, एमसीबी जागचा हलत नाही आणि पत्रा जिवंत राहतो. मग भिस्त फक्त आरसीसीबीवर. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरतात ते मातीचा रोध उतरवण्यासाठी, आणि उन्हाळ्यात माती सुकून तो पुन्हा चढतो म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे लागते.